सायकॉलॉजीचा प्रोफेसर हवाय, पण नक्की कसला?

ओळखीच्या एका हेडचा फोन आला होता. त्यांचा विभाग मिश्र आहे, इकॉनॉमिक्सवाले, भाषाशास्त्रवाले आणि दोन-तीन कॉम्प्युटरवाले एकाच मजल्यावर बसतात, आणि आता त्यांना सायकॉलॉजीचा प्रोफेसर घ्यायचाय, तोही नुसता शिकवणारा नको, रिसर्च करणारा हवा. ॲड कशी काढू म्हणून विचारत होते. फोनवर मी बरंच बडबडले, ते इथे जरा नीट लिहिते.

पहिली गडबड ॲडमध्येच होते. जुनी फाईल काढायची, तारीख बदलायची, आणि स्पेशलायझेशनपुढे क्लिनिकल (मानसिक आजार आणि उपचार) किंवा काउन्सेलिंग तसंच राहू द्यायचं. मग येणारा माणूस बिचारा कितीही चांगला असला तरी कॅम्पसवर टेन्शन आलेला प्रत्येक मुलगा त्याच्या केबिनकडे पाठवला जातो, रिसर्च राहतो बाजूला. काउन्सेलर हवाच हो, पण ती वेगळी पोस्ट काढा की! भाषाशास्त्र आणि कॉम्प्युटरच्या शेजारी बसणारा माणूस हवा असेल तर स्मृती, अवधान, निर्णय कसे घेतले जातात, मुलं भाषा कशी शिकतात असलं काही करणारा शोधा, आणि ॲडमध्ये तसं स्पष्ट लिहा. आपल्याकडे अशी माणसं नाहीत असं अजिबात नाही. कलकत्त्यात १९१६ सालीच सायकॉलॉजीचा विभाग सुरू झाला तो प्रयोगशाळेच्या बळावर, पुण्यातला १९५० चा विभागसुद्धा एक्सपेरिमेंटल सायकॉलॉजी म्हणूनच उघडला होता. अलाहाबादला २००२ पासून खास कॉग्निटिव्ह सायन्सचं, म्हणजे मन-मेंदू काम कसं करतात त्याच्या अभ्यासाचं, सेंटर आहे, आयआयटी कानपूरला तर आता त्याचा वेगळा विभागच आहे.

दुसरं म्हणजे मार्क. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमांत प्रोफेसरला पीएचडी, दहा वर्षांचा अनुभव, किमान १० पेपर आणि १२० चा रिसर्च स्कोअर (संशोधनाच्या मार्कांची बेरीज) लागतो. पेपरचे मार्क आर्ट्स-सोशल सायन्समध्ये १० आणि सायन्स फॅकल्टीत ८. आता सायकॉलॉजी तुमच्या विद्यापीठात कुठल्या फॅकल्टीत बसते त्यावर त्याच पेपरचे मार्क बदलतात, हसावं की रडावं कळत नाही. आणि दोनपेक्षा जास्त लेखक असले की पहिल्याला किंवा करस्पाँडिंगला (जर्नलशी पत्रव्यवहार करणाऱ्याला) ७० टक्के, बाकी प्रत्येकाला ३०.

इथेच खरी मेख आहे. २०१५ साली सायन्स या जर्नलमध्ये एक पेपर आला होता, सायकॉलॉजीतले छापून आलेले १०० अभ्यास पुन्हा करून बघितले आणि जेमतेम ३६ टक्क्यांत पुन्हा सिग्निफिकंट, म्हणजे नुसता योगायोग म्हणता येणार नाही असा, निकाल मिळाला. अख्ख्या विषयाला हादरा बसला. त्याचे लेखक होते २७०. म्हणजे आपल्या हिशोबात त्यातल्या बहुतेकांना १० पैकी ३, आणि एकट्याने कॉलेजच्या मुलांना फॉर्म वाटून तज्ज्ञांकडून पेपर तपासून घेणाऱ्या कुठल्याही जर्नलमध्ये छापणाऱ्याला पूर्ण १०. इम्पॅक्ट फॅक्टरची (जर्नलमधल्या पेपरांचा इतरांनी किती संदर्भ घेतला त्याच्या आकड्याची) वरची भर असते, ती धरूनसुद्धा कोण पुढे सरकतं ते बघा. गेल्या दहा वर्षांत चांगली सायकॉलॉजी मोठ्या टीममध्येच होतेय आणि मिश्र विभागात तर टीमशिवाय कामच नाही, पण मार्कांचं टेबल सांगतं एकट्याने लिही. म्हणून मी हेडना म्हटलं, १२० हा फक्त उंबरठा समजा, तो ओलांडला की मार्क बाजूला ठेवा आणि प्रत्येकाचे दोन पेपर कमिटीने खरंच वाचा. (वाचतील का? एक्सपर्ट फाईल गाडीत चाळत येतात हे सगळ्यांना माहितीये.)

एक्सपर्टचंही तेच. कमिटीत विषयाचे तीन बाहेरचे तज्ज्ञ असतात. तिघंही क्लिनिकलचे आणले तर ईईजीवर (मेंदूतल्या विद्युत लहरींच्या नोंदींवर) काम करणाऱ्या कँडिडेटला ते व्यक्तिमत्त्वाचे सिद्धांत विचारत बसणार आणि वीस मिनिटांत खेळ खलास. आयआयटीत निदान सेमिनार द्यायला लावतात, त्यामुळे शेजारच्या विषयातली माणसंही प्रश्न विचारू शकतात. राज्य विद्यापीठात मुलाखतीआधी विभागासमोर तासभराचं व्याख्यान ठेवायला कुणी अडवत नसावं, आणि तिथे इकॉनॉमिक्सवाल्याने काय विचारलं आणि कँडिडेट त्यावर खुलला की चिडला, एवढं बघितलं तरी पुष्कळ कळतं.

आणि लॅब! सायकॉलॉजीला काय लागतं, कागद-पेन, असं अजूनही बजेट मीटिंगमध्ये ऐकू येतं. आय ट्रॅकर (नजर कुठे फिरते ते टिपणारं यंत्र) लागतो, शांत खोली लागते, येणाऱ्या लोकांना द्यायला पैसे लागतात. त्याहून आधी माणसांवरच्या अभ्यासांना परवानगी देणारी एथिक्स कमिटी लागते, आणि आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या गाईडलाईन्सप्रमाणे तिचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा हवा. नुसत्या इकॉनॉमिक्स-कॉम्प्युटरच्या विभागात अशी कमिटी बऱ्याचदा नसतेच, मग नवा प्रोफेसर पहिलं वर्ष ती उभी करण्यात घालवतो आणि वर्षाअखेरीस त्यालाच विचारतात, पेपर किती झाले.

तुमच्यापैकी कुणी अशा पोस्टला अर्ज करत असाल तर खोली, सीड ग्रँट (सुरुवातीचा निधी) आणि एथिक्स कमिटी हे तिन्ही जॉईन व्हायच्या आधी ईमेलवर मागून घ्या, तोंडी नको. हेडना राग येईल बहुतेक. येऊ दे.