सागरगोटा रुजवताना

समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर कोणी न लावता माजणारे सागरगोट्याचे काटेरी झुडूप बागेच्या कुंपणाला लावायचे ठरवले आणि सारे घोडे बियांपाशीच अडले. ‘बी चोवीस तास भिजवा आणि पेरा’ ही सूचना जो तो देतो, आणि तिच्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही. कारण हे करडे, गुळगुळीत बी महिनोन्‌महिने समुद्रावर तरंगत राहिले तरी आत पाणी शिरू देत नाही, आणि त्याच बळावर ते उष्ण कटिबंधातून वाहत थेट स्कॉटलंड-नॉर्वेच्या किनाऱ्यांना लागते. तिथे रात्रभर वाटीत भिजवण्याची काय मातब्बरी? पाणी बदलत राहिलो, कुंडी न्याहाळत राहिलो. उकरून पाहावे तर गोटे जसेच्या तसे, वर चकाकीही शाबूत.

उपाय एकच, कानस. बी हातात धरून घासू नये, ते निसटते आणि कानस बोटांवर येते. पकडीत फडके घालून ते घट्ट धरावे आणि करडा थर जाऊन खालचा गर किंचित दिसेपर्यंत एकाच जागी घासावे. त्यानंतर साध्या पाण्यात ठेवलेले बी फुगून चांगलेच मोठे होते, आणि ते पाहून मला झालेला आनंद पुढे फुले आल्यावरही झाला नाही. जे फुगत नाही ते पुन्हा घासावे. तरंगणारे बी पोचट समजून फेकून देण्याची सवय मात्र येथे सोडावी, कारण आतल्या पोकळीमुळे याचे चांगले बीही तरंगते.

पुढचे सोपे आहे: निचऱ्याची वाळूमिश्रित माती, भरपूर ऊन आणि बेताचे पाणी. घासण्याबाबत एक सांगायचे राहिले. बी ज्या ठिकाणी शेंगेला चिकटलेले असते तो बारीक डाग टाळून दुसऱ्या बाजूला घासावे, अन्यथा कोंब दुखावतो. रोप जाण्यायेण्याच्या वाटेपासून दूरच लावावे, कारण फांद्या लांबवर पसरतात आणि पानांच्या दांड्यांवरही आकड्यासारखे वाकडे काटे असतात. छाटणी करताना जाड चामडी हातमोजे घालावेत आणि छाटलेल्या फांद्या लगेच उचलाव्यात, कारण वाळलेले काटेही तितकेच बोचतात.