तुम्ही विचारलंत म्हणून: ती महागडी गिटार पेटीतच का असते

परवाच्या कट्ट्यावर पुन्हा तेच. मी जुनी गिटार कव्हरमधून काढली आणि तीन जिने चढून धापा टाकत आलेल्याने पाणी मागायच्या आधी विचारलं, "ती नाही काढलीस?" चार वर्षं मी या प्रश्नाला उत्तरं देतोय. पावसाळा आहे. तारा गेल्यात. तुमच्याकडे आणायची तर रिक्षात धक्का लागेल. सगळ्या थापा. खरं उत्तर एका ओळीचं आहे: मला तिचा आवाज आवडत नाही. पण ते सांगितलं की समोरचा असा बघतो, जणू मी हापूसला नावं ठेवली. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच वाचायला देईन.

कंपनीचं नाव लिहिणार नाही. कट्ट्यावरच्यांना ते पाठ आहे, बाकीच्यांचं त्यावाचून अडत नाही. अमेरिकन, ड्रेडनॉट म्हणतात त्या मोठ्या पोटाच्या आकाराची, वरची फळी म्हणजे टॉप अखंड स्प्रूसच्या लाकडाचा, मागची आणि बाजूची फळी अखंड शिसवीची. भाचा येताना घेऊन आला, सगळं मिळून दोन लाख साठ हजार पडले. त्या मॉडेलबद्दल कोणी वाईट बोललेलं मी आजवर ऐकलं नाही. माझ्याशिवाय.

आणि सल्ले नकोत. तारा बदलून झाल्या: फॉस्फर ब्राँझ, 80-20 ब्राँझ, 12 चा सेट, त्याहून जाड 13 चा सेट. तारा ज्यावर टेकतात ते सॅडल हाडाचं बसवलं. गळ्यावरच्या बाराव्या पट्टीपाशी, म्हणजे फ्रेटपाशी, सहावी तार पावणेतीन मिलिमीटर वर होती, ती सव्वादोनवर आणली. पुण्याच्या पावसाळ्यात टॉप फुगतो आणि आवाज बसतो, हे मलाही कळतं. अशा गिटारीला 45 ते 55 टक्के आर्द्रता लागते, म्हणून पेटीत आर्द्रता मोजायचा काटा आहे आणि ओलावा सांभाळणारी पाकिटं आहेत. माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांपेक्षा ती पाकिटं जास्त वेळेवर बदलली जातात. "वाजवून वाजवून आवाज उघडतो," हेही ऐकून झालं. उघडावा म्हणून दहा रात्री तिला स्पीकरसमोर उभी करून तानपुऱ्याचं रेकॉर्डिंग लावून ठेवलं. बायको म्हणाली, "गर्भसंस्कार चाललेत का?"

मग नक्की काय आवडत नाही? ड्रेडनॉट हे नाव 1906 च्या एका ब्रिटिश युद्धनौकेवरून आलंय, आणि ती मांडीवर घेतली की मला ते दर वेळी आठवतं. एवढ्या मोठ्या पोटातल्या हवेचा स्वतःचा एक सूर असतो, साधारण 100 हर्ट्झच्या आसपास. सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी 98 हर्ट्झचा. म्हणजे जी कॉर्ड धरली की पोटातून हूंऽऽ असा हुंकार येतो आणि वरच्या तारा त्यात बुडतात. कट्ट्यावरची निम्मी गाणी आपण जी मध्ये घेतो, कारण सी मध्ये गेलं की एफचा बार धरावा लागतो, म्हणजे एका बोटाने सगळ्या तारा दाबाव्या लागतात, आणि आपली बोटं आता पन्नाशीची आहेत. दुसरी तक्रार शेपटीची. तिचा प्रत्येक स्वर निघतो म्हणून उठलेल्या पाहुण्यासारखा आहे, उठतो आणि दारात उभा राहून अर्धा तास बोलतो. रात्री एकटा बसून मी बोटांनी हळू वाजवतो, तेव्हा मागचा स्वर गेल्याशिवाय पुढचा ऐकूच येत नाही.

जुनी तशी नाही. 1991 साली कॉलेजात असताना बुधवार पेठेतून 950 रुपयांना घेतलेली, प्लायवूडची, टॉपला एक चीर, ती फेव्हिकॉलने बुजवलेली. बोलायचं ते बोलते आणि गप्प बसते. तिसऱ्या तारेला पाचव्या फ्रेटवर किंचित करकर आहे. सेटअप करणारा ती काढायला निघाला होता, मी त्याचा हात धरला. आईच्या मिरजेच्या तानपुऱ्यात घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जी करकर मुद्दाम आणतात, तिला आपण जवारी म्हणतो. गिटारीत तीच झाली तर तो दोष. माझा कान त्या तानपुऱ्याशेजारी झोपून तयार झालाय, म्हणून मला ही अमेरिकन स्वच्छता सोसत नाही, असं मी सगळ्यांना सांगायचो. हे उत्तर मला फार आवडायचं. दोन वर्षं चाललं. मग कोजागिरी आली.

हे गेल्या वर्षीचं. तुमच्यातले निम्मे तिथे होते, तरीही लिहितो, कारण तुम्ही सांगता ती आवृत्ती तुमच्या सोयीची आहे. आमच्यातला एकच जण खरा वाजवणारा. मी पुन्हा जवारीवर बोलायला लागलो तेव्हा तो म्हणाला, "बस पाठ करून." दोन्ही गिटारींवर त्याच दुपारी एकाच कंपनीच्या, 12 च्या नव्या तारा चढवल्या होत्या. हे सुद्धा त्यानेच मला करायला लावलं होतं, मी बावळटासारखं केलं. मी भिंतीकडे तोंड करून बसलो, हातात कागद. तो माझ्या मागे तीन मीटरवर. एकच तुकडा आठ वेळा वाजवणार, कधी ही, कधी ती. मी जुनी असेल तर 'ज' लिहायचं, नवी असेल तर 'न'. वर माझी हौस अशी, की मी प्रत्येक अक्षरापुढे शेरेही लिहिले.

आठही वेळा मला जराही शंका आली नाही. हे महत्त्वाचं आहे. मी चाचपडत नव्हतो. पहिल्या दोन स्वरांत कळत होतं.

मग त्याने कागद घेतला आणि सगळ्यांसमोर वाचला. आठपैकी सात चूक. नाणं उडवलं असतं तरी चार बरोबर आले असते. मला फरक चांगलाच कळत होता, फक्त पूर्ण उलटा. दोन लाख साठ हजारांच्या गिटारीपुढे मी लिहिलं होतं: "ऊब. बोलते आणि गप्प बसते." माझ्या 1991 च्या लाडकीपुढे: "पोकळ. नुसता दिखावा." हे शेरे त्याने बातम्या दिल्यासारखे वाचले. एक जण हसता हसता सोफ्यावरून घसरला, त्याचं नाव घेत नाही. मी आक्षेप घेतला की तो तिसऱ्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर गेलाच नाही, तिथे माझी जवारी आहे. त्याने काही न बोलता जुनी गिटार उचलली आणि तिथेच वाजवून दाखवलं. ऐकू आली नाही. त्याने गिटार माझ्या हातात दिली, मी तेच वाजवलं, करकर होती. तीन मीटरवर ती पोचतच नव्हती. जिच्यावर मी दोन वर्षं भाषणं दिली, ती जवारी फक्त माझ्या उजव्या काखेपुरती होती.

बायको म्हणाली, "मग ती पाकिटं कशाला बदलत बसतोस?" मी दूध गरम करतो म्हणून स्वयंपाकघरात गेलो. दूध गरमच होतं. मी तिथे उभा राहून साय ढवळत राहिलो, आणि बाहेर कोणीतरी नव्या गिटारीवर गाणं सुरू केलं. सांगायला लाज वाटते, पण सुंदर वाटत होतं.

सगळे गेल्यावर, रात्री दीडला, मी दोन्ही पुन्हा वाजवल्या. दिवा बंद करून. मांडीवर घेतली की नवी परत तशीच, हूंऽऽ, आणि जुनी परत आपली. एका संध्याकाळच्या फजितीने आवड बदलली नाही. मग याला हट्ट म्हणा.

पुढच्या पंधरवड्यात मी कान तपासून घेतले. टोमणे ऐकण्यापेक्षा ते बरं. आलेखात 4000 हर्ट्झपाशी दोन्ही कानांना खड्डा निघाला. डॉक्टरांनी विचारलं, कारखान्यात काम करता का? मी ढोल-ताशा पथकात नऊ वर्षं होतो, ताशाच्या अगदी शेजारी. असा खड्डा मोठ्या आवाजाने पडतो आणि भरून येत नाही, म्हणाले. झालं, कट्ट्याला उत्तर सापडलं: याचे कान गेलेत. पण थांबा. तेच कान घेऊन मी भिंतीकडे तोंड करून बसलो होतो ना? तेव्हा कसं आवडलं?

मला वाटतं ते असं. गिटारीचा टॉप समोरच्याकडे आवाज फेकतो. वरचे, धारदार स्वर सरळ पुढे जातात. खर्ज मात्र चहूकडे पसरतो, वळून मागे वाजवणाऱ्यापर्यंतही येतो. म्हणजे समोर बसलेल्याला अख्खी गिटार मिळते आणि मला तिचं पोट. त्यात माझे कान असे. जुनीला मुळात पोटच नाही, म्हणून ती मागूनही बरी लागते. हे पटण्यासारखं आहे. पण मग ड्रेडनॉट वाजवणारे इतर लाखो लोक काय कानांत बोळे घालून बसतात? तिथे माझं स्पष्टीकरण लंगडं पडतं, मला कळतं.

कट्ट्यावरच्या एकाने मला गप्प करायला एक संशोधन पाठवलं. 2018 चं, इंग्लंडमधल्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांचं. सहा गिटारी, फरक फक्त मागच्या आणि बाजूच्या लाकडाचा, ब्राझीलच्या शिसवीपासून अक्रोडापर्यंत. 52 वादक, मंद उजेड, डोळ्यांवर वेल्डरचे गॉगल. आवाजाला दिलेल्या गुणांत जवळजवळ फरक पडला नाही. त्याला वाटलं यातून मी खोटा ठरतो. उलट! मी शिसवीसाठीच तर पैसे मोजले होते. साठच्या दशकाच्या शेवटी ब्राझीलमधून ओंडके मिळेनासे झाले आणि अमेरिकन कारखाने भारतीय शिसवीकडे वळले. आजीच्या माजघरातलं कपाट त्याच जातीच्या लाकडाचं होतं, आम्ही त्यात लोणच्याच्या बरण्या ठेवायचो. इकडचं लाकूड तिकडे गेलं आणि भाच्याबरोबर परत आलं, आणि मी त्या प्रवासाला टोन म्हणालो.

विकत घेणाऱ्या त्या माणसाशी, म्हणजे चार वर्षांपूर्वीच्या माझ्याशी, माझं रोज भांडण होतं. तू तीन वर्षं हेडफोन लावून तिची रेकॉर्डिंगं ऐकलीस. ती सगळी गिटारीसमोर माइक ठेवून केलेली. म्हणजे तू श्रोत्याच्या खुर्चीच्या प्रेमात पडलास. यावर तो गप्प बसेल असं वाटतं, पण बसत नाही. तो म्हणतो, मुंबईच्या दुकानात तू वीस मिनिटं स्वतः वाजवून पाहिली होतीस आणि तुला आवडली होती. हे मी आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. आवडली होती. दुकानातली खोली लहान होती, समोर काच होती, आवाज उलटून येत असेल. किंवा मला ती हवीच होती.

"मग विकून टाक," हा तुमचा दुसरा प्रश्न. मे महिन्यात एक जण बघायला आला होता, पंचविशीचा, बोटं सरळ चालणारी. मी त्याला खुर्ची दिली आणि समोर सोफ्यावर बसलो. त्याने अर्धा तास वाजवली. मी मध्ये एकदाही बोललो नाही. मग त्याने किंमत विचारली आणि मी सांगितलं, विकायची नाही. तो वैतागला, त्याचं चूक नव्हतं, बिचारा हडपसरहून आला होता.

तो गेल्यावर मी ती मांडीवर घेतली आणि जी वाजवला. हूंऽऽ. पेटीत ठेवताना पाकिटं चेपून पाहिली. दोन कडक झाली होती.