आमची वाटचाल : छोटा हत्ती, व्हॅन आणि उधारीची वही

बोअरची जळालेली मोटर काढणे, भरून देणे (म्हणजे तिच्यात तारेचे नवे वेटोळे घालणे) आणि पुन्हा सोडणे हा व्यवसाय आम्ही १९९६ साली सांगोल्यात दोघांच्या भागीदारीत सुरू केला. भांडवल म्हणाल तर एक टनाची चेनपुली, दोन पाईप पान्हे, क्लॅम्पचा एक जोड, कॉइल गुंडाळायचे हाताने फिरवण्याचे यंत्र आणि भागीदाराच्या थोरल्या भावाची बजाज एम-८०. एकाने त्या गाडीवर गोणपाटात गुंडाळलेली मोटर न्यायची, दुसऱ्याने पान्ह्यांची पिशवी खांद्यावर टाकून एसटीने गाव गाठायचे आणि तिकाटण्याला, म्हणजे चेनपुली टांगायच्या तीन पायांच्या घोडीला, लागणारे वासे शेतकऱ्याकडेच मागायचे, अशी आमची रीत होती. त्या चेनपुलीची साखळी मी दोनदा बदलली आहे, पण तिचा मूळ सांगाडा अजून दुकानात आहे आणि अडलेल्या बोअरवर आजही पहिल्यांदा तीच चढते.

२००५ साली टाटांची ‘एस’ ही छोटी मालगाडी बाजारात आली आणि तिच्या मूळ नावापेक्षा छोटा हत्ती हेच नाव आमच्या भागात रुळले. दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन, पाऊण टन माल आणि लहानशा वाटेवरूनही वळणारी गाडी, हे पाहून तालुक्यातला प्रत्येक व्यावसायिक तिच्या प्रेमात पडला आणि मीही पडलो. दीड इंची जीआय पाईप वीस फुटांचा असतो आणि त्याचे वजन बावीस किलोच्या आसपास भरते. चारशे फुटांच्या बोअरला असे वीस पाईप लागतात, म्हणजे पाईपच चारशे चाळीस किलो झाले, त्यावर मोटर, पंप, केबल आणि अवजारे धरली तरी पाऊण टनात सगळे बसते, हा हिशेब मी ज्याला त्याला ऐकवत असे. बेरीज बरोबर होती. माझ्या लक्षात आले नाही ते एवढेच, की बोअरचे पाईप शेतकऱ्याचे असतात आणि मोटर काढली की ते बांधावरच पडून राहतात. दुकानात येते ती मोटर, फार तर पंप आणि केबलचा तुकडा. नवे पाईप पोहोचवायचे काम महिन्यातून चार-पाच वेळा निघते. मोटर, अवजारे आणि चार माणसे न्यायचे काम रोजचे असते.

माझा भागीदार आज गावभर सांगतो, की त्याने मला छोटा हत्ती घेऊ नको, जुनी व्हॅन घे, असे बजावले होते. हे अर्धेच खरे आहे. तो असे म्हणाला जरूर, पण पाडव्याला गाडी बुक करून आल्यानंतर, पेढा खाता खाता म्हणाला. कर्जाच्या कागदावर सही करताना तो माझ्या शेजारी बसला होता आणि तेव्हा त्याच्या तोंडून अवाक्षर निघाले नव्हते. दारात पिवळ्या पाटीची गाडी उभी राहावी ही हौस मला होती, हे मी कबूल करतो. पण ती एकट्या मला होती असे कोणी म्हणू नये.

गाडी २००७ च्या दिवाळीत आली आणि महिन्याभरात एकेक गोष्ट कळू लागली. केबिनमध्ये चालकाशेजारी एकच माणूस बसतो. मोटर काढायला किमान चौघे लागतात, कारण दोघे साखळी ओढतात, एक जण सॉकेटखाली (दोन पाईपांच्या जोडाखाली) क्लॅम्प आवळतो आणि चौथा पान्हा लावून वरचा पाईप सोडवतो. उरलेली पोरे मग मागे हौद्यात बसू लागली. महूदच्या रस्त्यावर अचानक ब्रेक लावावा लागला तेव्हा चेनपुली घसरत जाऊन एका पोराच्या घोट्यावर आदळली. तो दोन महिने घरी बसला, त्याचा दवाखाना आम्ही केला आणि मालाच्या हौद्यात माणसे बसवल्यावर विमा मागायला तोंड उरत नाही हेही समजले. तेव्हा मालगाडी चालवायला लायसन्सवर वेगळी नोंद, म्हणजे बॅज, लागत असे आणि तो आम्हा दोघांकडेही नव्हता, त्यामुळे चालकाचा पगार अंगावर पडला. पावसाचा त्रास वेगळाच. पाण्यात राहणाऱ्या मोटरीला पावसाचे भय कसले, असे कोणी विचारील. परंतु स्टार्टर, कपॅसिटर, पॅनेल आणि वायंडिंगच्या तारेची बंडले उघड्या हौद्यात ताडपत्रीखाली नेणाऱ्यालाच तो घोर ठाऊक असतो.

याच सुमारास डाळिंबावर तेल्या रोग आला. सांगोल्याचे सगळे अर्थकारण त्या फळावर उभे होते आणि पानांवर, फळांवर तेलकट डाग पडून डोळ्यांदेखत फळे तडकू लागली. बाग गेली तरी झाड जगवायला पाणी लागतेच, म्हणून मोटरी जळत राहिल्या आणि आमचे काम थांबले नाही; थांबले ते पैसे. वहीत उधारी वाढत गेली, हप्त्याची तारीख मात्र दर महिन्याला ठरल्या दिवशी येत राहिली. कर्ज देणाऱ्या संस्थेचा माणूस सकाळी दुकान उघडायच्या आधी पायरीवर येऊन बसे. मी त्याला चहा पाजत असे, कारण दुसरे देण्यासारखे काही नव्हते.

२००८ च्या उन्हाळ्यात भागीदार वेगळा झाला. वेगळे होण्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याने मिरज रस्त्यावर दुकान टाकले, एक जुनी व्हॅन घेतली आणि जाताना उधारीची वही बरोबर नेली, ही माझी तक्रार आहे. त्या वहीत कोणाच्या बोअरला किती फुटांवर मोटर सोडली आहे, कोणती केबल आहे, कोठे पाईप अडतो, असे बारा वर्षांचे टिपण होते. त्यातले निम्मे अक्षर माझे होते.

त्या दिवसांत आम्हाला उभे ठेवले ते कोळे गावाकडच्या एका आबांनी. त्यांच्या बागेचा खराटा झाला होता. आमच्याकडे वही नव्हती, म्हणजे त्यांच्याकडे किती येणे आहे याचा पुरावाही नव्हता. तरीही ते एका रविवारी, बाजाराच्या दिवशी, दोन शेळ्या विकून थेट दुकानात आले आणि धोतराच्या सोग्यातून नोटा काढत म्हणाले, “चार मोटरींचे आहेत. तुझ्या ध्यानात नसेल, माझ्या हाय.” त्यांनी नाझरे आणि जवळा या गावांतही चार लोकांना सांगितले आणि त्यातल्या तिघांनी पैसे आणून दिले.

२००९ मध्ये छोटा हत्ती विकला, कर्ज मिटवले आणि उरलेल्यात जुनी मारुती ओम्नी व्हॅन घेतली, म्हणजे भागीदार म्हणाला होता तेच केले. हे लिहिताना मला आजही बरे वाटत नाही. मागची बाके काढून खाली प्लायवूड आणि त्यावर रबराची चटई घातली, एका बाजूला अँगलचे रॅक बसवले, आडव्या मांडणीत दोन पोरांची बैठक ठेवली आणि टपावरच्या कॅरिअरवर तिकाटण्याचे तीन पाय कायमचे बांधले. व्हॅनचा सरकता दरवाजा ही या धंद्यातली खरी सोय आहे. गाडी बोअरच्या कडेला लावली की मोटर गुडघ्याच्या उंचीवरून आत सरकते. छोट्या हत्तीचा फाळका पाडून तीच मोटर कंबरेच्या वर उचलावी लागत असे. इंजिन पुढच्या बाकाखाली असल्याने एप्रिल-मे महिन्यांत चालकाची बैठक तापते, एवढा एकच दोष मी सांगेन. त्यानंतरची दहा वर्षे कामाची गेली. २०१९ मध्ये ओम्नीचे उत्पादनच थांबले, तेव्हा आमचीही थकली होती. मग मारुतीचीच ईको व्हॅन घेतली.

नव्याने या कामात येणारी मुले विचारत नाहीत, पण मी सांगतो. गाडी घेण्याआधी महिनाभर प्रत्येक फेरीला काय नेले आणि किती माणसे होती ते लिहून काढा. मी ईको घेण्यापूर्वी लिहिले होते : एकसष्ट फेऱ्या, त्यात लांब पाईप अवघ्या पाच वेळा. पाच फेऱ्यांसाठी पिकअप भाड्याने मिळतो. बॅजची अडचण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालाने गेली, त्यामुळे साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर साडेसात टनांपर्यंतची मालगाडी चालवता येते. एकूण वजन तीन टनांच्या आत असेल तर परमिटही लागत नाही. पण पासिंगचा दिवस, विमा आणि पिवळी पाटी सुटत नाहीत, मग व्हॅन मालवाहू म्हणून घेतलेली असली तरीही. ज्यांचा मुख्य धंदा पाईप विकण्याचा आहे त्यांनी खुशाल ट्रक घ्यावा. आता प्लॅस्टिकचे कॉलम पाईप दहा फुटांचे येतात, त्यामुळे तेही काम पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही.

माझ्या जुन्या भागीदाराने अलीकडे मोठा पिकअप घेतला आहे आणि त्यावर मोटर ओढायचे यंत्र बसवले आहे. गेल्या पावसाळ्यात तो पिकअप घेरडीच्या काळ्या रानात रुतला, तेव्हा त्याचा मुलगा आमच्याकडे चेनपुली आणि तिकाटणे मागायला आला. मी दिले, ईकोही दिली. तिसऱ्या दिवशी सगळे सामान धुऊन-पुसून, साखळीला तेल लावून परत आले. वही मात्र अजून आलेली नाही.