किन्नौरमधून वर, मनालीकडून खाली: स्पितीच्या घळईतला रस्ता आणि तंबूचे मुक्काम

मनालीहून एका दिवसात काझा, म्हणजे हिमाचलमधल्या स्पिती खोऱ्याचं मुख्य गाव, गाठता येतं, म्हणून बरेच जण तिकडूनच स्पितीत शिरतात आणि पहिल्याच रात्री विरळ हवेनं डोकं धरून बसतात. आम्ही चंडीगढहून गाडी घेऊन उलट बाजूनं, किन्नौर जिल्ह्यातून गेलो: सिमला, नारकंडा, रामपूर, सांगला, नाको, ताबो, काझा, चंद्रताल आणि मग मनाली. अंतर बरंच वाढतं, पण उंची हळूहळू अंगवळणी पडते. या सहलीचा आराखडा करताना माझ्या मते एकच आकडा आधी लिहून काढावा, तो म्हणजे रोज रात्री किती मीटरवर झोपणार. किलोमीटर नंतर बघता येतात.

नारकंडा २,७०० मीटरवर आहे, आणि तिथून रस्ता थेट सतलजच्या काठी, रामपूरला हजारेक मीटरपर्यंत उतरतो. रामपूरला सप्टेंबरातही पंखा लागतो. तिथे थांबण्यात अर्थ नाही. ज्योरी मागे पडलं की खरी घळई सुरू होते. तरांडा देवीच्या देवळापाशी झाडून सगळे ड्रायव्हर थांबतात, आपणही थांबावं. त्या भागात रस्ता कड्याच्या पोटात कोरलेला आहे, डोक्यावर खडकाचं छत आणि एका बाजूला खोल खाली गढूळ नदी. हिमालय उचलला जाऊ लागला त्याच्या आधीपासून सतलज वाहतेय आणि डोंगर वर येतील तशी ती खाली कापत गेली, असं भूशास्त्रज्ञ सांगतात. मुख्य रांग आरपार छेदून नदी अलीकडे कशी येते हे कोडं तिथे उभं राहिल्यावर सुटतं.

किन्नौरमधले असे कडे पावसाळ्यात जिवावर उठतात. २०२१ च्या जुलैत बटसेरीला आणि ऑगस्टमध्ये निगुलसरीला दरडी कोसळून माणसं गेली. 'जुलैत सुट्टी मिळतेय' हे कारण पुरेसं समजू नका. सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा सर्वांत बरा. तेव्हा सफरचंदांचे ट्रक भरभरून उतरत असतात, त्यांच्यामागे निमूट राहायचं, वळणावर हॉर्न द्यायचा.

पहिला तंबू सांगला खोऱ्यात, रक्छमच्या बाजूला. करछमला महामार्ग सोडून बास्पा नदीच्या काठानं वर जायचं. इथे गवताळ जागा भरपूर, पण शेतमालकाला विचारल्याशिवाय खुंट्या ठोकू नका. विचारलंत तर बहुधा चहाही मिळतो. नदीच्या पात्रातली गुळगुळीत वाळू कितीही मोहात पाडो, तिथे तंबू नको. बास्पा आणि सतलजवर जलविद्युत प्रकल्प आहेत, पाणी केव्हाही सोडलं जातं. भोंगा वाजतो, पण झोपेत आणि नदीच्या आवाजात तो ऐकू येईलच असं नाही.

रिकाँग पिओच्या पायथ्याला पोवारीत टाकी भरा, पिओत रोख पैसे काढा. खाबला स्पिती सतलजला मिळते आणि हिरवा रंग जवळजवळ संपतो. तिथून वळणावळणांनी नाको, ३,६६० मीटर. आमचा सगळा बेत या टप्प्यावर बेतलेला होता: नाकोला जेवायचं, तळ्याकाठी दोन तास काढायचे आणि झोपायला ताबोला, म्हणजे ३,२८० मीटरवर उतरायचं. दिवसा चढून रात्री खाली झोपल्यानं दुसऱ्या दिवशी डोकं शाबूत राहतं. मधला मलिंगचा पट्टा कायम घसरत असतो, तो उजेडात पार करा.

ताबोचा मठ इसवी सन ९९६ चा. बाहेरून नुसत्या मातीच्या भिंती दिसतात, आत भित्तिचित्रं. फोटोला मनाई आहे आणि ते बरंच आहे, लोक निदान भिंतीकडे बघतात. आत अंधार असतो, बॅटरी न्या.

काझाला एक दिवस तरी रेंगाळा. इथला पंप चुकवायचा नाही, कारण पुढे मनालीच्या बाजूला उतरेपर्यंत दुसरा नाही. लांगझाला समुद्री जीवांचे जीवाश्म सापडतात; बघा, हात लावा, खिशात टाकू नका.

कुंझुम खिंड साडेचार हजार मीटरच्या वर. पलीकडे चंद्रताल, सुमारे ४,२५० मीटर. तळ्याच्या काठावर तंबू लावायला बंदी आहे. तंबूंचे तळ अलीकडे काही किलोमीटरवर असतात आणि पुढचं थोडं चालायचं. सप्टेंबरअखेरीस रात्री पारा शून्याखाली जातो, तेव्हा उणे दहाला टिकेल अशी स्लीपिंग बॅग हवी. स्वतः रांधणार असाल तर लहान प्रेशर कुकर न्या. या उंचीवर पाणी ८६ अंशांच्या आसपासच उकळतं, उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही. गॅसचे छोटे डबे विमानात चालत नाहीत, ते चंडीगढलाच घ्या.

चंद्रतालहून खाली उतरलं की बातल लागतं; तिथून ग्राम्फूपर्यंतचा रस्ता म्हणजे दगडगोटे आणि नाले. दुपारी बर्फ वितळून नाल्यांना पाणी वाढतं, म्हणून बातल सकाळी सातच्या आत सोडावं. लहान गाड्याही जातात, पण ग्राउंड क्लिअरन्स चांगला असेल तर जीव टांगणीला लागत नाही. स्टेपनीत हवा आहे ना, हे काझालाच तपासा. ग्राम्फूनंतर कोकसरवरून अटल बोगद्यानं मनाली.

काझाहून येताना कुंझुमच्या अलीकडचं शेवटचं गाव म्हणजे लोसर; त्यानंतर फोनवर भिस्त ठेवू नका. घरी काय ते लोसरला पोचेपर्यंत कळवून ठेवा. कुंझुमवर बर्फ पडल्याचं लोसरला कळलं, तर वाट बघत बसण्यापेक्षा आल्या रस्त्यानं किन्नौरमधून परता. त्यासाठी हातात दोन जादा दिवस हवेत आणि परतीचं विमान त्या हिशेबानंच काढायचं.