हशावरचा क्यू

प्रकाशयोजनाकाराचं नाव पोस्टरवर येतं, दिव्यांचा बोर्ड चालवणाऱ्याचं येत नाही. मी चालवणारा.

क्यू, म्हणजे उजेड बदलायची खूण, सहसा वाक्यावर नाहीतर हालचालीवर बांधतात. मामाकडून होणाऱ्या भाचीच्या लैंगिक छळावरच्या या नाटकात एक क्यू हशावर होता. मामा भाचीला मांडीवर बोलावतो आणि आतून आई ओरडते, "सिलिंडर उचलायला कंबर दुखते याची, भाचीला बरा उचलतो!" हशा भरात आला की हाउस लाइट, म्हणजे प्रेक्षागृहातले दिवे, तीस टक्क्यांवर न्यायचे, चार सेकंदांत. झटकन नेले तर लोकांना वाटतं वायरिंगमध्ये गडबड झाली. हळू नेले की शेजारचा हसताना दिसतो, मग आपणही हसतोय हे कळतं.

मंचावर दोघं लांब बसलेली, तोंड प्रेक्षकांकडे, स्पर्श नाही. ही रीत दिग्दर्शिकेनं अमेरिकन नाटककार पॉला व्होगेल यांच्या १९९७च्या 'हाउ आय लर्न्ड टू ड्राइव्ह' या नाटकावरून घेतली होती. त्यात अकरा वर्षांच्या मुलीचे संवाद दुसरीच नटी बोलते. आमच्याकडे दोघांमध्ये अंधाराचा पट्टा होता. तो राखायला मी प्रोफाइल दिव्याची शटर्स, म्हणजे उजेडाची कड कापणाऱ्या पट्ट्या, अर्धी दुपार लावत बसलो होतो. समीक्षकांनी 'धाडसी' लिहिलं. पट्टा कुणाला दिसला नाही.

पुण्याच्या प्रयोगाला त्या वाक्यावर सगळे चिडीचूप. विषय आधीच कळलेला प्रेक्षक हसायला घाबरतो. मग मधल्या रांगेतली एक बाई हसली. खदखदून, थांबेचना. दोघंतिघं "शूऽऽ" करत वळले. हेडसेटवर साउंडवाला म्हणाला, "हिला बाहेर काढा रे कुणीतरी." मी हाउस लाइटचा फेडर वर नेला.

सगळे तिच्याकडे बघत होते. ती मामाकडे बघत हसत होती. शेवटपर्यंत बसली, एवढं बूथमधून दिसलं. ग्रीनरूममध्ये नटमंडळी 'बिचारी' म्हणून मोकळी झाली.

दिग्दर्शिका भडकली. "क्यू सगळ्यांच्या हशावर होता. तू एकट्या बाईला उजेडात बसवलंस."

पण केंद्र सरकारच्या २००७च्या पाहणीत त्रेपन्न टक्क्यांहून अधिक मुलांनी लैंगिक छळ झाल्याचं सांगितलं होतं, हे तालमीत हिनंच आम्हाला ऐकवलेलं. मग प्रेक्षागृहात अशी माणसं असणार हे धरूनच तो क्यू बांधला होता ना? आणि किती जण हसले म्हणजे हशा, हे प्रॉम्प्ट कॉपीत, म्हणजे क्यू नोंदलेल्या संहितेत, कुठे लिहिलंय?

आता क्यू 'उचलतो'वर आहे. लोक हसायच्या आतच उजेड येतो, म्हणून कुणी हसतच नाही. दिग्दर्शिकेला हे जास्त परिणामकारक वाटतं. मला नाही.