पेव माझ्या वाट्याला आले तेव्हा

सांगलीतील आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत मागितले गेले, तेव्हा मला सातवीतले भूगोलाचे तास आठवले. १९९२ साली मी हरिपूरहून सायकलने येणारा, शेवटच्या बाकावर बसणारा आणि हजेरीखेरीज तोंड न उघडणारा मुलगा होतो. बाईंनी वर्गाचे गट पाडले, तरी त्यात फरक पडला नाही. आमच्या गटातला हुशार मुलगा लिहीत असे आणि आम्ही चौघे त्याच्या वहीत डोकावत असू.

ते बाईंच्या ध्यानात आले असावे, कारण हळदीच्या पाठाला त्यांनी वेगळीच रीत योजली. गटातल्या पाच जणांना लागवड, शिजवणे, साठवण, सौदे आणि वाहतूक असे एकेक अंग नेमून दिले. सर्व गटांतल्या साठवणवाल्यांनी आधी एकत्र बसायचे, मग आपापल्या गटात परतून ते इतरांना शिकवायचे आणि अखेरीस चिठ्ठीत ज्याचे नाव निघेल, त्याने स्वतःचे नव्हे तर सोबत्याचे अंग वर्गापुढे मांडायचे. अशीच पद्धत मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतील ऑस्टिनच्या शाळांत वापरली होती, हे मला डी.एड.ला कळले, बाईंना तिची गंधवार्ता नसावी.

माझ्या वाट्याला साठवण आली. ‘पेव फुटणे’ हा वाक्प्रचार वर्गात सर्वांना पाठ होता, पण पेव पाहिलेला मी एकटाच होतो, कारण माझे आजोबा हरिपूरच्या पेवांवर हमाल होते. जमिनीखालच्या त्या कोठारांचे तोंड अरुंद आणि पोट मोठे असते, ते उघडल्यावर लगेच आत उतरत नाहीत, आतली हवा श्वास घेण्याजोगी आहे का ते कळावे म्हणून आधी कंदील सोडून पाहतात, हे मी आमच्या बोलीतच सांगितले: “कंदील इझला तर उतरायचं न्हाई.” कोणीतरी हसले. बाईंनी मात्र तेच वाक्य जसेच्या तसे फळ्यावर लिहिले.

२०१० नंतर सर्वंकष मूल्यमापनात गटकार्याला नोंदवहीत जागा मिळाली, तरी बाक जोडले की गट झाला, अशी समजूत मी शिक्षक म्हणून अनेकदा पाहतो, आणि खरे सांगायचे तर माझ्याही हातून तसे तास झाले आहेत.

त्या दिवशी चिठ्ठीत हुशार मुलाचे नाव निघाले. साठवण त्याला माझ्याकडूनच शिकावी लागली होती. ती मांडताना तो मध्येच थांबला आणि वळून मला विचारू लागला, “पण कंदील विझला, तर किती वेळ थांबायचं?” मला ते ठाऊक नव्हते. संध्याकाळी सायकल अंगणात टाकून मी थेट आजोबांकडे गेलो.