फिअट, घाट आणि पाइपात शिरणारी हवा : पुणे ते पाचगणी

मे महिन्यात आम्ही घरची १९९४ सालची प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आमच्या तोंडी असलेली फिअट, घेऊन पुण्याहून पाचगणीला निघालो. कात्रजपासून शिरवळपर्यंत गाडी नेहमीसारखी चालली. खंबाटकी घाटाच्या तिसऱ्या वळणावर मात्र तिने झटके मारायला सुरुवात केली आणि पाय पूर्ण दाबूनही ती उचलेना. कडेला घेईपर्यंत इंजिन बंद पडले. दहा मिनिटांनी काही घडलेच नसावे तशी ती सुरू झाली आणि पुढच्या चढावर पुन्हा तेच झाले.

सकाळचे अकरा वाजले होते आणि ऊन कडक होते, त्यामुळे पेट्रोलची वाफ पाइपात अडकली असावी, असा माझा पहिला तर्क होता. जुन्या फिअट आणि अँबॅसॅडरवाल्यांना हा अनुभव नवा नाही. इंजिनच्या उष्णतेने एसी पंपातल्या, म्हणजे टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या इंजिनावरच्या पंपातल्या, पेट्रोलची वाफ होते आणि पंप द्रवाऐवजी वाफ ओढत बसतो. मी पंपावर ओले फडके ठेवले, वीस मिनिटे थांबलो आणि हळूहळू घाट चढून सुरूर फाट्यावरून वाईला पोहोचलो. पुढचा पसरणी घाट त्या उन्हात नको म्हणून मुक्काम वाईलाच केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला हवा गार होती आणि इंजिन रात्रभर थंड झालेले होते, तरीही पसरणी घाटात दोन किलोमीटरच्या आत गाडी पुन्हा दम सोडू लागली. वाफेचा दोष असता तर तो गरम इंजिनाला, विशेषतः गाडी उन्हात थांबवून पुन्हा सुरू करताना जाणवला असता. माझा आदल्या दिवशीचा निष्कर्ष चुकीचा होता आणि फडक्याचा उपयोग झाल्यासारखे वाटले ते केवळ थांबल्यामुळे.

अशा वेळी पहिली तपासणी रस्त्यावरच करता येते आणि ती प्रत्येक जुन्या गाडीच्या मालकाला यायला हवी, असे मला मनापासून वाटते. इंजिन बंद पडल्याबरोबर, ते पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न न करता, एअर फिल्टरचे झाकण काढावे, कार्बुरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाच्या) तोंडात पाहावे आणि हाताने थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी झडप) झटकन उघडावा. पेट्रोलची बारीक पिचकारी उडाली, तर कार्बुरेटरच्या वाटीत, म्हणजे पेट्रोल साठणाऱ्या कप्प्यात, पेट्रोल आहे आणि दोष जेटमध्ये (पेट्रोलच्या बारीक छिद्रांत) किंवा ठिणगी देणाऱ्या कॉइल, पॉइंट, प्लगकडे शोधावा. पिचकारी उडाली नाही आणि वाटी कोरडी असेल, तर पेट्रोल तिथवर पोहोचतच नाही. आमच्याकडे एक थेंबही उडाला नाही. टाकीचे झाकण उघडूनही पाहिले; हवा आत ओढल्याचा आवाज आला नाही, म्हणजे टाकीची हवेची वाट मोकळी होती.

उतारावरून गाडी परत वाईला आणली. गॅरेजमधल्या मिस्त्रींचे पहिले मत कार्बुरेटर खोलून साफ करावा असे होते, परंतु पिचकारी उडत नसल्याचे सांगितल्यावर पेट्रोल कार्बुरेटरपर्यंत पोहोचतच नाही, हे त्यांनी लगेच मान्य केले. कॉइलची वायर काढून, पंपाचा पुढचा पाइप पत्र्याच्या डब्यात सोडला आणि पंपाला स्वच्छ पेट्रोलच्या दुसऱ्या डब्यातून ओढायला लावले. स्टार्टर फिरवताच ठोके पडावेत तशी जोरदार धार आली. पंपाचा डायफ्रॅम, म्हणजे पेट्रोल ओढणारा पडदा, ठीक होता. मागच्या पाइपातून टाकीकडे फुंकल्यावर आत बुडबुड्यांचा आवाज आला, म्हणजे लाइन तुंबलेली नव्हती. मग मिस्त्रींनी पंपाच्या अलीकडे वीतभर पारदर्शक नळी जोडली आणि इंजिन सुरू करून वेग वाढवला. नळीतून पेट्रोलबरोबर मोहरीएवढ्या बुडबुड्यांची माळ अखंड सरकताना दिसली.

टाकीजवळचा रबरी पाइप काढून वाकवला, तेव्हा क्लिपेखालच्या भागात उन्हात पडलेल्या जुन्या चपलेसारख्या भेगा उघडल्या. हा भाग ओढीचा असल्याने भेगेतून पेट्रोल गळत नाही, उलट हवा आत जाते. म्हणून खाली ना डाग, ना वास. सपाटीवर पेट्रोलची मागणी कमी असते तेव्हा पंप हवेसकट निभावून नेतो. चढावर मागणी वाढते, टाकी इंजिनाच्या मानाने आणखी खाली जाते, ओढ वाढते आणि वाटी रिकामी होते. पाइप आणि दोन क्लिपा बदलल्यावर नळीतले बुडबुडे थांबले आणि दुपारच्या उन्हातच पसरणी घाट आम्ही एकदाही न थांबता चढलो.

हल्ली मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. जुन्या प्रकारचे रबर त्यात लवकर खराब होते आणि टाकीत वर्षानुवर्षे साचलेला गाळही सुटून फिल्टरमध्ये येतो. त्यामुळे या वयाच्या गाडीने घाटात जाण्यापूर्वी टाकीपासून कार्बुरेटरपर्यंतचा प्रत्येक रबरी तुकडा बदलावा आणि दुकानात इथेनॉलला टिकणाराच पाइप मागावा. जुना तुकडा मापासाठी बरोबर न्यावा, कारण किंचित सैल पाइप कितीही क्लिपा आवळल्या तरी हवा घेतो.

गाडीत फूटभर पाइप, चार क्लिपा, एक फिल्टर आणि अग्निशामक ठेवावा. पेट्रोलचा कोणताही पाइप काढायचा तो इंजिन थंड झाल्यावरच, आणि जवळपास कोणी विडी-सिगारेट ओढत नाही हे पाहूनच. पसरणी घाटात वळणावर मुळीच थांबू नये. झटके सुरू होताच, पुरता वेग जाण्याआधी, कडेची रुंद जागा गाठावी आणि मागच्या चाकांना दगड लावूनच बॉनेट उघडावे.